त्वचेची तयारी

गुलमंडीतल्या त्या दुकानात पांढऱ्या रंगाचे इतके प्रकार असतील असं मला वाटलं नव्हतं. दुधी, मोतिया, निळसर, बिनकाठाची, चंदेरी बारीक रेघेची. गादीवर बसलेले गृहस्थ एकेक साडी झटकून माझ्यासमोर पसरत होते आणि दर वेळी कोऱ्या कापडाच्या खळीचा वास नाकाशी येत होता. बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला वंदनेला बसताना आईच्या अंगावर नवी पांढरी साडी असावी, असं माझं मीच ठरवलं होतं. आईने काही मागितलं नव्हतं. "ही बघा ताई, धुवायला हलकी," ते म्हणाले आणि मी कापड बोटांत धरून बघत असताना फोनवर संदेश आला. डॉक्टर राजनंदिनीचा. मज्जारज्जूला मार बसलेल्या माणसांच्या पायांना विजेचा सौम्य प्रवाह देऊन काय होतं, याचा एक अभ्यास तिने दवाखान्यात केला होता आणि बाबा शेवटची काही वर्षं त्या अभ्यासात होते. त्यावरचा निबंध आता छापायला जाणार होता. तिने लिहिलं होतं, 'ताई, बाबांबद्दलचं एक वाक्य आहे. घरच्यांनी बघितल्याशिवाय पाठवायचं नाही, असं ठरवलंय. बघून घ्याल?' खाली इंग्रजी वाक्य होतं आणि त्याच्याखाली तिनेच केलेलं मराठी. 'चौथ्या सहभागीने घरी यंत्राचा वापर नियमितपणे केला नसावा.'

मी ते वाक्य वाचलं, फोन पालथा ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा वाचलं. चौथा सहभागी. पडेगावात लहान पोरंसुद्धा ज्यांना कडुबा वायरमन म्हणून ओळखायची, ते चौथे. याला माझी हरकत नव्हती. मी ग्रंथालयात काम करते. पुस्तकाला क्रमांक दिल्याने त्याचं काही कमी होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण बाकीचं वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. "चुकीचं आहे हे," मी मोठ्याने म्हणाले. गृहस्थांचा हात साडीच्या घडीवर थांबला. "चुकीचं काय ताई, आपल्याकडे फिक्स रेट. सगळ्या गुलमंडीत विचारून या." मी हसले असावे, कारण तेही हसले आणि त्यांनी एक साडी बांधून माझ्या हातात दिली. त्या सगळ्यांतली नेमकी कोणती, हे मी बाहेर येईपर्यंत बघितलं नाही.

रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीशी उभी राहून मी तिला फोन लावला. राजनंदिनी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. चांगली मुलगी. बाबांच्या शेवटच्या आजारपणात, मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग हाताबाहेर गेला तेव्हा, तो तिचा विभाग नसतानाही रोज येऊन उभी राहायची. ती म्हणाली, "ताई, रागावलात का?" मी म्हणाले, "रागावले नाही. हे कशावरून लिहिलंत, ते सांगा." मग ती सावकाश सांगू लागली. आजवर या विषयावर जगभर पुष्कळ काम झालं, पण ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने लिहिलं. कुणी प्रवाह किती दिला ते लिहिलं, पट्ट्या कुठे चिकटवल्या ते नाही. कुणी पट्ट्या सांगितल्या, पण घरी यंत्र कोण लावायचं ते सांगितलं नाही. मध्येच अभ्यास सोडून गेलेली माणसं तर कित्येकांनी नुसती गाळून टाकली. त्यामुळे एकाचं काम दुसऱ्याच्या कामाशेजारी ठेवून बघताच येत नाही. आता त्यासाठी नियम आले आहेत, काय काय लिहिलंच पाहिजे याचे. निबंध तपासणाऱ्यांनी त्या नियमांवर बोट ठेवून विचारलं होतं, बाकीच्यांच्या मांड्यांचा घेर वाढला, चौथ्याचा का नाही? मला हे समजत होतं. एकाच पुस्तकाची नोंद चार ग्रंथालयांनी चार तऱ्हांनी केली की त्याची चार पुस्तकं होतात आणि शोधणाऱ्याला एकही सापडत नाही. "दवाखान्यात त्यांचा पाय झकास उचलला जायचा," ती म्हणाली, "म्हणजे स्नायू चांगले होते, यंत्रही तेच. मग घरी लावलंच जात नसेल, याशिवाय दुसरं काय म्हणणार?" मी म्हणाले, "यंत्र लावल्याच्या रोजच्या खुणा बाबा कॅलेंडरवर करायचे." ती म्हणाली, "ताई, खुणा काय, सगळेच करतात हो. मीसुद्धा व्यायामाच्या करते." तिला विनोद करायचा होता, तो तिचा तिलाच लागला. "दुसरं काही कारण असलं तर सांगा ना. मला हे वाक्य आवडत नाहीच. प्रश्न आणि सगळा मसुदा पाठवते. सोमवारी द्यायचाय."

छावणीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात मी कडेला बसले. साडीची पिशवी मांडीवर, फोन तिच्यावर. चालकाने मागे वळून म्हटलं, "आपा, पाव अंदर लेओ, टरक आ रा." मी पाय आत ओढून घेतला. किती सहज आला तो. काही सांगावं लागलं नाही, कुणाला विनवावं लागलं नाही. बाबा पडल्यानंतर बरेच दिवस मला माझ्या पायांची अशी लाज वाटायची. दवाखान्याच्या जिन्यावरून मी मुद्दाम हळू उतरायची. ते पडले ते चौदा एप्रिलच्या आधी, विहारावर जयंतीची रोषणाई करताना. चितेगावच्या कारखान्यातली नोकरी संपून काही महिने झाले होते आणि यंदा सगळ्या माळा मीच लावणार, असं त्यांनी पोरांना दरडावून सांगितलं होतं. कुणीतरी नुकतीच फरशी धुतली होती आणि बांबूची शिडी सरकली. वायरमन रोषणाई करताना पडला म्हणजे शॉक बसला असणार, असं बघायला आलेल्या प्रत्येकाने धरून चालावं आणि बाबांनी उताणं पडल्या पडल्या प्रत्येकाला दुरुस्त करावं. "शॉक नाय बसला. शिडी सरकली. वायरमनच्या जातीला बदनाम करू नका." बरगड्यांखालचं सगळं शरीर गेलं होतं आणि हा माणूस कारण नीट सांगितलं जावं म्हणून धडपडत होता. तेव्हा मला ते पाहवत नव्हतं. आता रिक्षात बसून वाटलं, की ते वाक्य त्यांनी ऐकलं असतं तर काय झालं असतं. नियमितपणे केला नसावा. ते काही बोलले नसते. चष्मा काढून पुसत बसले असते.

मसुदा आला. पहिल्या पानावर शहराचं नवं नाव होतं, आतल्या एका आकृतीखाली जुनं राहून गेलं होतं. अभ्यास सुरू झाला तेव्हाचे कागद जुन्या नावाचे असतील. मी प्रश्नांपाशी आले. पट्ट्यांचा आकार. पट्ट्या नेमक्या कुठे. प्रवाह किती, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा. घरी यंत्र कोण लावत असे, त्याला कुणी शिकवलं होतं. त्रास झाला का, भाजलं का. आणि मध्येच, एवढासा, 'पट्ट्या लावण्याआधी त्वचेची तयारी कशी करत असत?' मी पुढच्या प्रश्नाकडे गेले आणि परत आले. रिक्षा छावणीच्या चढाला लागली होती, इंजिन घरघरत होतं, शेजारच्या बाईच्या टोपलीतली कोथिंबीर माझ्या कोपराला लागत होती आणि मला करडईच्या तेलाचा वास आला. कुठूनही नाही, नुसताच आला. पळीत कोमट केलेल्या तेलाचा.

बाबांचं अंथरूण खिडकीशी होतं. सकाळी चहा झाला की आई त्यांच्या पाठीशी उशा लावून त्यांना टेकवून बसवी, लुंगी मांडीपर्यंत सारी आणि पळीभर तेल कोमट करून आणी. मग तळपायांपासून सुरुवात. अंगठ्याने टाच रगडायची, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवायचं, पोटऱ्या वरून खाली, गुडघ्याच्या वाट्या, मांड्या. हे करताना तिचं तोंड अखंड चाललेलं असायचं. कुणाच्या सुनेने काय केलं, विहाराच्या बोअरचं पाणी कसं आटलं, भंतेजींनी काय सांगितलं. एरवी माझी आई फार बोलणारी बाई नाही. सुट्टीला गेले की मी दारात बसून पेपर वाचत हे ऐकायची. तेल मुरवून झालं की ते यंत्र निघायचं. साबणाच्या डबीएवढं, चार तारा, चार चिकट पट्ट्या. पट्ट्या तेलावर नीट बसायच्या नाहीत, म्हणून त्यावरून बाबा स्वतः जुन्या सुती साडीच्या चिंध्या आवळून बांधायचे. बटण फिरवायचे. मांडी थरथरायची. दवाखान्यात पाय सरळ उचलला जायचा, घरी नुसती थरथर, आणि दवाखान्यात विचारल्यावर बाबांनी ते तसंच सांगितलं होतं. घरी थरथर होते, बाई. का, ते पुढे कुणी विचारलं नाही. आणि दवाखान्यात जायच्या दिवशी मात्र आई पहाटेच पाणी तापवून त्यांना साबण लावून घासून काढायची, पावडर लावायची, इस्त्रीचा सदरा घालायची. दवाखान्यात तेलकट अंगाने जायचं नसतं. तिथल्या माणसाने स्पिरिटचा बोळा फिरवला तर त्याला त्या कातडीवर काय सापडणार होतं? ज्या दिवशी बघणारे होते त्या दिवशी तेल नव्हतं. आणि रोज सकाळी नवऱ्याचे पाय तेलाने चोळणं ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, हे आईला कधी वाटलं नसणार. दात घासले, असं कुणी डॉक्टरला सांगतं का?

म्हणजे कारण माझ्या हाती आलं होतं. वाक्य खोडता येत होतं. बाबा रोज यंत्र लावत होते, एकही दिवस न चुकता, आणि प्रवाह तेलामुळे कातडीवरच अडत होता. हे डॉक्टरला कळवलं की ते आळशी ठरणार नव्हते, खोट्या खुणा करणारे ठरणार नव्हते. पण मग मांडी भरली नाही ती आईच्या हातांमुळे, हेही त्याच ओळीत येणार होतं. मी बाहेर बघत राहिले. पडेगावकडे जाताना वस्ती विरळ होत जाते. भिंतींवरच्या जाहिरातींची अक्षरं मोठी होत जातात आणि मग एकदम मोकळं आभाळ लागतं. त्या मोकळेपणाचा मला कधी नव्हे तो त्रास झाला. बाबा गेल्यावर आई रडली ती थोडी, लोकांदेखत, रीत म्हणून रडावं तशी. नंतर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायची, "त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाय मी." इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस आणि अंगावर एक जखम नाही, दवाखान्यातल्या नर्ससुद्धा तिला तसं म्हणाल्या होत्या. तिच्याकडे शिल्लक होतं ते हे. आणि आता मी जाऊन सांगायचं का, की तुझ्या हातांनी त्यांच्या पायांपर्यंत काही पोचू दिलं नाही? न सांगताही चालण्यासारखं होतं. डॉक्टरला कळवायचं आणि आईला सांगायचंच नाही. ती इंग्रजी निबंध थोडीच वाचणार होती. पण मग तिच्याबद्दलची एक गोष्ट जगात कुठेतरी छापलेली असणार, कुणीही वाचावी अशी, आणि एकट्या तिलाच ती ठाऊक नसणार. मला आठवलं, बाबांच्या मणक्याची खरी हकीकत पहिले काही दिवस त्यांना सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होती. आम्ही त्यांच्या उशाशी बसून हसत होतो. ते हसू मला अजून तोंडात जाणवतं, कडूसर.

आणखी एक गोष्ट होती. ती मी नीट विचार करून बाजूला ठेवत होते आणि ती परत येऊन बसत होती. बाबा आयुष्यभर विजेत वावरले होते. कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरमधलं तेल ते दरसाल तपासायला द्यायचे. त्या तेलाचं काम काय, ते त्यांनी मला मी शाळेत असताना समजावून सांगितलं होतं, वीज जिथे जायला नको तिथे जाऊ न देणं. मग? मी तो विचार पुन्हा बाजूला ठेवला. रिक्षा थांबली.

आई ओसरीवर वाकळ शिवत बसली होती. जुन्या लुगड्यांचे थर पसरलेले, ती मध्यभागी. "आलीस व्हय? सांगून येत नाय का गं? दोन भाकरी जास्ती टाकल्या आसत्या." मी साडी दिली. तिने कागद उघडून कापड दोन बोटांत धरून बघितलं. "ही तर लई झुळझुळीत हाये. मला काय वरातीत मिरवायचंय? परत घेतील का?" "नाही घेत परत." "मंग ऱ्हाऊ दे. तुझी मावशी नेसंल." मी पाणी प्यायले. मडकं तेच, पण पाणी कोमट होतं. आई सुईत दोरा ओवण्यासाठी उजेडाकडे वळली आणि न बघताच म्हणाली, "दवाखान्याचं काय आलंय म्हणून आलीस ना? त्या पोरीनं मला बी फोन केला व्हता सकाळी. म्हणली, मावशी, ताईंना पाठवते. तिचा आवाजच पडलेला व्हता." मी म्हणाले, "विशेष काही नाही." "विशेष नाय तर इशाखाबाई भर उन्हाच्या पडेगावला आल्या. वाच काय लिवलंय ते."

मी वाचलं. आधी निरोपाला साखर लावून पाहिली, मग जसं होतं तसं. आईची सुई कापडात अर्धी गेलेली तशीच राहिली. "म्हंजी ते यंत्र लावीत नव्हते म्हणती?" "तसं थेट नाही. नसावं, असं म्हणतात." "एकच झालं की! अगं, ताप भरला व्हता तरी लावायचे. तुझ्या काकाच्या घरी लगीन व्हतं, सगळे गेलो, हे म्हणले, मी नाय, माझी ड्युटी हाये. पाह्यलंस की तू." "हो." "मंग तू काय म्हणलीस तिला?" "बघते म्हणाले." "बघते काय बघते? बापाला चोर ठरवितेत आन बघते!" तिने माझ्याकडे नीट बघितलं. लहानपणी खोटं बोलल्यावर बघायची तसं नाही, ताप आहे का ते बघायची तसं. मग सुई आरपार ओढली. "मांडी भरली नाय म्हणून म्हणत आसंल व्हय ती? मंग ते तेलामुळं आसंल."

गरम भांडं पदराने धरून आणावं तसं जे मी वाटभर जपत आणलं होतं, ते तिने माझ्या हातून नुसत्या बोटांनी काढून घेतलं. मी म्हणाले, "तुला माहीत होतं?" "त्यांनीच सांगितलं व्हतं की. यंत्र आलं त्याच आठवड्यात. म्हणले, अगं, तेलावरून करंट धड जात नाय. मी म्हणलं, मंग ऱ्हाऊ द्या तेल. दोन दिस लावलंच नाय. पट्ट्या लावल्या, पाय चांगला उठला, अस्सा सरळ. आन हे तोंड फिरवून बसले खिडकीकडं. चहा नको, पेपर नको. तिसऱ्या दिशी म्हणले, आन तेल. मी म्हणलं, आवो, डॉक्टरीणबाई काय म्हणतील? पाय चांगला व्हतोय तर व्हऊ द्या ना. तर म्हणले..." तिने दोरा दातांनी तोडला. "म्हणले, करंट मी जल्मभर पाह्यला. तुझा हात कवा पाह्यला? सकाळी सातला कंपनीची गाडी, रातीला जेवून आडवं. मी म्हणलं, हात लावलेला तुम्हाला कळत तर नाय. म्हणले, कळत नाय, पण दिसतंय ना."

समोरच्या घरावरून कुणीतरी गाद्या झटकत होतं. मी दारातून आत, त्यांच्या अंथरुणाच्या जागेकडे बघितलं. तिथे आता धान्याची कोठी ठेवलेली होती. दारात पेपर वाचत मी जे ऐकलं होतं ते सगळं मला पुन्हा ऐकावंसं वाटलं, कुणाची सून, कुठला बोअर. मी त्यातलं काहीच लक्षात ठेवलेलं नव्हतं. तो आवाज घराचा आहे, असं समजून मी पानं उलटत होते. आणि तो माणूस उशांना टेकून बघत होता. जे अंगाला पोचत नव्हतं ते डोळ्यांनी घेत होता, पुरेसं समजून घेत होता. मग लगेच दुसरी गोष्ट मनात आली आणि ती आली याचं मला वाईट वाटलं. मी विचारलं, "पण आई, फायदा झाला असता तर?" "झाला आसता. मांडी भरली आसती." ती शांतपणे म्हणाली. "चालले नसते. ते त्या पोरीनं पहिल्याच दिशी सांगितलं व्हतं. मांडी भरली आसती, रगत खेळलं आसतं. आमी दोघांनी ठरवलं." "मग यंत्र तरी कशाला लावायचं?" "शब्द दिला व्हता. आन म्हणायचे, थोडा तर जातोच की." "आणि डॉक्टरला सांगितलं का नाही?" "इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. खोटं बोलणारा मानूस व्हता का त्यो? कुनी इचारलंच नाय, तेल लावता का म्हणून. आपून हून सांगावं, तर ती म्हणणार, बंद करा. मंग ऐकावं लागलं आसतं. तिचं लई ऐकायचे. तिला बघून म्हणायचे, इशाखाच्या वळणाची हाये."

हे मला माहीत नव्हतं. मी बोटाने वाकळीचा टाका चाचपत राहिले. सगळी वाट मी दोन माणसांना एकमेकांपासून वाचवायचं कसं, याचा हिशोब घालत आले होते. त्यांचं त्यांनी कधीच मिटवून टाकलेलं होतं. पण ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मलाही नाही, आणि वाक्य अजून तसंच उभं होतं. आई म्हणाली, "लाव तिला फोन. मोठ्यानं ऐकू येतंय तसं कर."

राजनंदिनीने लगेच उचलला. आईने सगळं सांगितलं, मला सांगितलं त्याच क्रमाने, फक्त 'तुझा हात कवा पाह्यला' हे तेवढं गाळून. मग ती म्हणाली, "कुठलं तेल, मावशी?" "करडईचं. दुसरं कुठलं?" "आमच्याकडे पण तेच असतं," ती म्हणाली. मग तिचा कामाचा आवाज परत आला, पण खालच्या पट्टीत. बाबांचे आकडे आता बाकीच्यांत मिसळता येणार नाहीत, वेगळे दाखवावे लागतील. कारण द्यावं लागेल. पुढे ज्यांच्या घरी यंत्र जाईल त्यांना तेलाचं आधी विचारलं जाईल, कारण तेल लावणारी घरं पुष्कळ असतील आणि त्या सगळ्यांना आपण आळशी ठरवत बसलो असतो. "एक विचारू का, मावशी? हे चुकून झालं, असं लिहू का? म्हणजे घरी नीट सूचना मिळाली नव्हती म्हणून. ते खोटं नाही, आमच्याकडून सांगितलं गेलंच नव्हतं. आणि तुमच्यावर काही येणार नाही." माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. इतकी सोयीची वाट होती. आई म्हणाली, "चुकून कसं? ठाऊक व्हतं की आमाला."

"बरं," राजनंदिनी म्हणाली. कळफलकाचा आवाज येऊ लागला. तो थांबत होता, पुन्हा चालू होत होता. आईने मांडीवरची वाकळ बाजूला सारली आणि फोनच्या जवळ सरकून बसली, तपासायला आलेल्या माणसाच्या पुढ्यात बसावं तशी, पाठ ताठ करून. "ऐका हं," राजनंदिनी म्हणाली. "मराठीतच वाचते, मग इंग्रजी करीन. 'त्वचेची तयारी. चौथ्या सहभागीच्या घरी यंत्र रोज लावले गेले. त्याआधी रोज पाय व मांड्या कोमट तेलाने चोळल्या जात. त्यामुळे प्रवाह कमी पोचतो, याची सहभागीला पूर्ण कल्पना होती. तेल लावण्याचे काम काळजी घेणाऱ्या व्यक्तीने...'"

"कुनी?"

"काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे तुम्हीच, मावशी."

"मंग बायको म्हणून लिवा."

"निबंधात तसं लिहीत नाहीत हो. सगळ्यांसाठी एकच शब्द वापरायचा असतो."

"बाकीच्यांच्या घरी पोरगा आसंल, पगारी बाई आसंल. ह्यांच्या घरी बायको व्हती. आता तूच म्हणलीस ना, कुनी काय केलं ते नीट लिवायचं म्हणून?"

मला कुणीच काही विचारत नव्हतं. पलीकडे एक श्वास, मग कळफलक. "'...त्याच्या पत्नीने केले, त्याच्या संमतीने.' चालेल?"

"संमतीनं नाय," आई म्हणाली. "संमती म्हंजी मी इचारलं आन ते व्हय म्हणले. तसं नाय झालं."

"मग कसं लिहू?"

आई क्षणभर कोठीकडे बघत राहिली. कळफलकाचा आवाज थांबलेला होता.

"त्यांनी मागितलं म्हणून," ती म्हणाली.

राजनंदिनीने ते लिहिलं. मग सगळं वाक्य पहिल्यापासून वाचून दाखवलं, सावकाश, प्रत्येक शब्दानंतर जागा सोडत. आई मान हलवत ऐकत होती आणि शेवटच्या शब्दाला तिची मान थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "आसंच झालं."